रक्ताचा कर्करोग : परळपासून आष्टीपर्यंत

रक्ताच्या कर्करोगाचा विषय निघाला की संपन्न घरांतील संभाषण लवकरच परदेशाकडे वळते. अमेरिकेतील कोणते इस्पितळ या रोगात निष्णात आहे, लंडनच्या कोणत्या तज्ज्ञाची भेट मिळेल, व्हिसा किती दिवसांत होईल, असे तेथील प्रश्न असतात. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या आष्टी तालुक्यात याच रोगाचा पहिला प्रश्न निराळा असतो. महिनाभर अंगात ताप मुरलेला असतो, हिरड्यांतून रक्त येते, पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागते, आणि हातातील कागदाकडे पाहून कोणीतरी ‘पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत’ एवढेच सांगितलेले असते. हा कागद आता दाखवायचा कोणाला, हा आष्टीचा प्रश्न.

या दोन प्रश्नांमधील अंतर केवळ पैशाचे आहे, असे समजण्याची सवय झाली आहे. रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ज्ञान नव्हते तेव्हा अमाप पैशालाही हा रोग हटवता आला नाही. ज्ञान आले तेव्हा त्याच्या मुळाशी श्रमिक स्त्रियांचे रक्त होते. आणि ते ज्ञान सामान्य माणसाच्या हाती लागले ते कायद्याने आणि संघर्षाने. समाजवादी कार्यकर्त्यांनी हा इतिहास नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याचे शेवटचे प्रकरण अजून लिहिले गेलेले नाही आणि ते आष्टीसारख्या ठिकाणीच लिहावे लागणार आहे.

१९३१ साली सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचे उत्तर वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात निधन झाले. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत कुटुंबांपैकी एका कुटुंबातील ही बाई. स्त्रीशिक्षणाच्या आणि बालविवाहविरोधी चळवळीत वावरलेली. तिच्या उपचारात पैशाची उणीव पडणे शक्यच नव्हते. पण त्या काळी युरोपातील उत्तमोत्तम वैद्यांजवळही या रोगावर क्ष-किरण आणि सोमलाचे द्रावण यांपलीकडे फारसे काही नव्हते. त्यांनी थोडे दिवस मिळत, रोग हटत नसे. परदेशातील विशेष रुग्णालय गाठणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे, ही गोष्ट त्या मृत्यूने दाखवून दिली.

त्याच १९३१ साली ल्यूसी विल्स या इंग्रज स्त्री-संशोधकाचा एक निबंध ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे काम मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत झाले होते. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रिया एका विशिष्ट रक्तक्षयाने मरत होत्या. त्यांचा आहार निकृष्ट होता आणि लोह देऊनही त्यांचे रक्त सुधारत नव्हते. विल्स यांना असे आढळले की यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात. त्या अर्कात काय आहे याचा शोध पुढे जगभर चालला आणि त्यातून फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व हाती आले. रक्तपेशी वाढण्यास हे द्रव्य आवश्यक असेल, तर त्याला विरोध करणाऱ्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबेल काय, हा पुढचा प्रश्न होता. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत असे विरोधी द्रव्य तयार झाले, आणि बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी जाहीर केले की काही मुलांचा रोग, तात्पुरता का होईना, मागे हटला आहे. या रोगावरील औषधोपचाराचे आधुनिक युग तेथून सुरू झाले.

परदेशी विद्येच्या या पहिल्या यशाच्या मुळाशी गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्ताची तपासणी होती, हे विसरता कामा नये. कोणीतरी त्या स्त्रियांच्या थकव्याला ‘बायकांना असतेच’ म्हणून सोडून दिले नाही; त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्याचा अर्थ लावला. वैद्यकाच्या इतिहासात एवढी साधी कृती किती दूरवर पोहोचते, याचे दुसरे इतके ठळक उदाहरण सापडणे कठीण.

पत्नीच्या मृत्यूनंतर दोराबजींनी १९३२ साली, स्वतःच्या निधनापूर्वी, रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन केला. त्यांच्या नावाच्या दुसऱ्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. भांडवलदारांच्या दानधर्माविषयी समाजवाद्यांचे जे मत आहे ते असो; येथे महत्त्वाचे आहे ते यानंतर घडलेले. १९५७ साली हे रुग्णालय केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आले, १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. एका घराण्याच्या शोकातून जन्मलेली संस्था सार्वजनिक मालकीची झाली, आणि सार्वजनिक झाली म्हणूनच ती गावोगावच्या गरिबांची झाली.

याच रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले अस्थिमज्जारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि तिला मज्जा दिली तिच्या भावाने. बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून वावरणारा हा डॉक्टर त्यापूर्वी अमेरिकेत, सिॲटल येथे, या शास्त्राचे जनक डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आला होता. एक माणूस शिकून परत आला, त्याला सार्वजनिक संस्थेने जागा, खाटा आणि सहकारी दिले. त्यामुळे शेकडो कुटुंबांना सिॲटलची वाट धरण्याची गरज उरली नाही. विमानात रुग्ण बसवायचा की विद्या आणायची, या प्रश्नाचे उत्तर १९८३ सालीच मिळाले आहे.

औषधाची कथा याहून झगड्याची आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा एक विरळा कर्करोग. लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक-दोन रुग्ण, एवढे त्याचे प्रमाण. पाश्चात्य देशांत तो बहुधा साठीच्या पुढे होतो. भारतात मात्र तिशी-चाळिशीत, ऐन कमावत्या वयात गाठतो. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवले की दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने हे घडते. त्या दोषावरच नेमका घाव घालणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. तिच्या पहिल्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर दहापैकी जवळपास नऊ रुग्ण हयात होते. पूर्वी जो रोग चार-सहा वर्षांत माणूस नेत असे, तो मधुमेहासारखा रोजच्या गोळीने आटोक्यात राहू लागला.

पण स्विस कंपनी नोव्हार्टिसच्या या औषधाचा भारतातील खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. त्यांना ते करता आले, कारण १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवर उत्पादन-पेटंट दिलेच नव्हते. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली कायदा बदलावा लागला. तेव्हा संसदेतील डाव्या पक्षांच्या दबावाने कलम ३(ड) अधिक कडक झाले. जुन्याच द्रव्याला नवे रूप देऊन, त्याचा गुण वाढला असे सिद्ध केल्याशिवाय, पेटंट मिळणार नाही, असे हे कलम सांगते. या कलमाखाली जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कंपनी न्यायालयात गेली. तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले.

कंपनीचा युक्तिवाद असा की ती हजारो भारतीय रुग्णांना हे औषध फुकट देते, मग तक्रार कशाची? फुकट औषधाने अनेकांचे प्राण वाचले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ज्याला औषध दान म्हणून मिळते तो दात्याच्या मर्जीवर जगतो. ज्याला ते परवडणाऱ्या किमतीत दुकानात मिळते तो आपल्या पायावर जगतो. शिवाय दान एका कंपनीच्या एका औषधापुरते असते, कायदा पुढच्या प्रत्येक औषधाला लागू होतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. विरळ्या रोगाची चैनीची गोळी आवश्यक औषध ठरली.

येथपर्यंतची वाट चालून झाली आहे. सिॲटल आणि परळ यांच्यातील अंतर पुष्कळसे कापले गेले. परळ आणि आष्टी यांच्यातील अंतर मात्र कायम आहे.

आष्टी हा अवर्षणप्रवण, बालाघाटच्या कडेचा तालुका. दिवाळीच्या सुमारास येथील गावे रिकामी होतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याचा फड, असा सहा महिन्यांचा संसार. एका दिवसाचे काम चुकले तर खाडा पडतो आणि मजुरी जाण्यावर न भागता वर दंडही कापला जातो. अशा माणसाने थकवा आला म्हणून डॉक्टरकडे केव्हा जावे? थंडीतापाच्या गोळ्या फडावरच घेतल्या जातात. डाव्या बरगडीखाली पानथरी वाढून पोट जड होते, ते अपचन समजले जाते. बाई पांढरीफटक पडली तर लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, कारण फडावरच्या बहुतेक बायका पांढऱ्याफटकच असतात. सर्वांचेच रक्त कमी असले की एखाद्याच्या रक्तातला कर्करोग लपून राहतो.

कोणी तपासणी केलीच तर यंत्र आकडे छापून देते. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात. या रोगात त्या लाखाच्या वर गेलेल्या आढळतात. परंतु रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली अनुभवी डोळ्याने पाहिल्याखेरीज या आकड्याचा अर्थ लागत नाही. हा डोळा तालुक्याच्या पातळीवर नाही. मग रुग्ण नगरला जातो, तेथून पुण्याला किंवा संभाजीनगरला, तेथून मुंबईला. बीड जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला, म्हणजे आष्टीहून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. पण तेथे कोणी जायचे, हे ठरण्यासाठी आधी कोणालातरी संशय यावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला, ही चांगलीच गोष्ट झाली. तथापि त्या योजनेचे दार निदानाचा कागद हाती आल्यावर उघडते. निदानापूर्वीची जी भटकंती, तिच्यात शेळ्या विकल्या जातात आणि डोरले गहाण पडते.

ही भटकंती किती जीवघेणी असते ते आणखी एका विरळ्या प्रकारावरून समजेल. अॅक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमियात रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. पण वेळेवर ओळखला तर हाच प्रकार आज सर्वांत बरा होणारा मानला जातो. त्याची दोन्ही मुख्य औषधे चीनमधून जगाला मिळाली. शांघायचे वांग झेन्यी यांनी अ जीवनसत्त्वापासून बनलेली गोळी वापरली. हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात खेड्यातील पारंपरिक औषधाचा माग काढून सोमल शुद्ध स्वरूपात वापरला. ज्या सोमलाचे द्रावण जुन्या वैद्यांच्या हाती अपुरे पडत होते, तोच सोमल योग्य रोगात, योग्य मात्रेत प्राणदाता ठरला. संशय येताच ती गोळी सुरू करावी, पक्क्या निदानासाठी थांबू नये, असे शास्त्र सांगते. म्हणजे येथे जगण्यामरण्याचा निवाडा पहिल्या दिवशी काचपट्टी कोणी पाहिली यावर होतो. परदेशी रुग्णालयाचा त्यात काही संबंध उरत नाही.

आष्टी-बीडकडे आधुनिक वैद्यक पोहोचलेच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. शस्त्रक्रियागृह त्यांच्यापर्यंत पोहोचले, सूक्ष्मदर्शक पोहोचला नाही. जेथे बिल होते तेथे वैद्यक गेले. जेथे पन्नास-शंभर रुपयांच्या काचपट्टीवर अर्धा तास डोळे ताणावे लागतात तेथे ते गेले नाही. १९३१ साली परळला गिरणीतल्या बाईचे रक्त तपासून जगाने फायदा करून घेतला. त्यानंतर नव्वदांहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याच वर्गातील ऊसतोड बाईच्या वाट्याला ती तपासणी येत नसेल, तर या विषमतेला दुसरे नाव कोणते द्यावे?

एक आक्षेप कार्यकर्त्यांमधूनही येईल. ज्या तालुक्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे लाखात एक-दोघांना होणाऱ्या रोगाची चर्चा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो शिडी न पाहता शेवटच्या पायरीकडे पाहतो. रक्ताची जी तपासणी कर्करोगाचा संशय देते, तीच बाळंतिणीचा रक्तक्षय, हिवताप आणि डेंग्यूतील घसरत्या प्लेटलेट्स दाखवते. विरळ्या रोगासाठी निराळी व्यवस्था उभारायची नाही. नेहमीच्या रोगांसाठी असलेली व्यवस्था इतकी सजग करायची की विरळा रोगही तिच्या नजरेतून सुटू नये.

हे स्वप्नरंजन नव्हे. हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत, १९५८ नंतरच्या वर्षांत, आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन ताप आलेल्या प्रत्येकाच्या रक्ताची काचपट्टी घेत आणि ती तपासली जाई. शासनाने मनावर घेतले तेव्हा झोपडीतला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकापर्यंत गेला. आष्टीला लागूनच असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. १९८७ पासून बार्शीच्या आसपासच्या खेड्यांत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील मृत्यू एका चाचणीने निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला त्या पाहणीतून कळले. मराठवाड्याच्या खेड्याने जगाला शास्त्र शिकवले आहे. त्याच शास्त्राची साधी सोय त्याला मिळू नये, याला कारण शोधायचे तर ते शास्त्रात सापडणार नाही.

पुढचा झगडाही दारात आला आहे. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार अमेरिकेत २०१७ साली मान्य झाला. त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवण्यात आली. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी हाच उपचार येथे विकसित केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. अमेरिकेच्या मानाने खर्च दहाव्या हिश्श्यावर आला, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो दहावा हिस्साही कित्येक लाखांच्या घरात आहे. सार्वजनिक संस्थांत, सार्वजनिक पैशावर जन्मलेल्या विद्येची किंमत ठरवताना सार्वजनिक हिताचा आवाज असणार की नाही, हा प्रश्न इमॅटिनिबच्या वेळी जसा विचारला गेला तसाच आता विचारला पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. दोन आठवड्यांवर रेंगाळलेला ताप, कारण न कळलेला पांढरेपणा, अंगावर उठणारे लाल-जांभळे ठिपके किंवा हिरड्यांतील रक्त असेल तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रक्ताची पूर्ण तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. काचपट्टीचे छायाचित्र अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या तज्ज्ञाकडे तासाभरात गेले पाहिजे. भ्रमणध्वनीच्या युगात ही मागणी अवाजवी नाही. जिल्हा रुग्णालयात या रोगांच्या पहिल्या औषधांचा साठा हवा. ऊसतोड कामगारांसाठी निघालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाने आरोग्यपत्रिका द्यावी, ती कारखान्याच्या गावीही चालावी, आणि तपासणीचा दिवस खाडा धरला जाऊ नये. परळला गेलेल्या कुटुंबाला पदपथावर झोपावे लागू नये. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देऊन समाजाची लाज राखली आहे. शासनाने तिच्या पाठीमागे लपू नये.

नगर–बीड–परळी रेल्वेची मागणी या भागाने पिढ्यानपिढ्या लावून धरली, तेव्हा कोठे सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीला गाडी आली. सूक्ष्मदर्शकासाठी रूळ टाकावे लागत नाहीत, डोंगर फोडावा लागत नाही. एक प्रशिक्षित माणूस, एक खोली आणि रोज तपासल्या जाणाऱ्या काचपट्ट्यांची नोंदवही, एवढेच लागते. येत्या हंगामात कोयते घेऊन टोळ्या गाव सोडतील, त्यापूर्वी आष्टीच्या रुग्णालयात ही नोंदवही उघडली जाते की नाही, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे, आणि नसेल तर ती उघडेपर्यंत तेथून हलू नये.